काळीवरचे घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन भाषांत ऐकू येते. आजीने मराठीत म्हटली की शेजारची अज्जी लगेच ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ म्हणून जोड देते. कन्नड सिनेमावाल्यांना तर ती इतकी आवडली की 1965 साली ‘मदुवे माडि नोडु’ आणि 1966 साली ‘मने कट्टि नोडु’ असे लागोपाठ दोन चित्रपट निघाले. मी हीच म्हण तिसऱ्या भाषेत ऐकली ती माझ्या थोरल्या बहिणीच्या दारात. तिच्या घरासमोर विटा उतरवणारा हमाल घाम पुसत म्हणाला होता, ‘‘इल्लु कट्टि चूडु, पेळ्ळि चेसि चूडु!’’ तेलुगू न येणारी मीसुद्धा हसले. शब्द वेगळे होते, पण दमणूक ओळखीची होती.

आमची अक्का भालकीची आणि दिली बाजारहत्नूरला. पुष्कळांना हे गाव ठाऊक नसेल. आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर इचोडा लागते, तिथून आत जायचे. कापूस, सोयाबीन, सागाचे जंगल, पावसाळ्यात गिरनूरजवळचा कनकाई धबधबा आणि बाजारात कानावर पडणाऱ्या मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी, उर्दू अशा भाषा. भालकी आणि बाजारहत्नूर दोन्ही एके काळी निजामाच्या राज्यात होती. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आमची भालकी म्हैसूरकडे. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळही मुंबई राज्यात गेले. बोथचा बाकीचा भाग मात्र आंध्रात राहिला, 2014 पासून तो तेलंगणात आहे. अक्काच्या सासरच्या काही सोयरिकी त्या रेषेच्या पलीकडे गेल्या, काही अलीकडे राहिल्या. हे दुःख आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एक गंमत सांगते. सासरच्या जमिनीचे आजेसासऱ्यांच्या काळातले कागद उर्दूत आणि नंतरचे तेलुगूत. घरात सगळे मराठी शिकलेले. कागद वाचायला दरवेळी कोणाची तरी मनधरणी करावी लागे. अक्का लग्न होऊन गेली आणि पहिल्याच वर्षी तिने पट्टादार पासबुक घडघडा वाचून दाखवले! ती भालकीला कन्नड शाळेत शिकलेली, आणि कन्नड व तेलुगू लिपी म्हणजे सख्ख्या बहिणी. अर्थ सगळा कळला नव्हता, पण अक्षर कळले. तेव्हापासून त्या घरात कागदाच्या बाबतीत अक्काचा शब्द शेवटचा.

या घराची गोष्ट लिहायचे कारण असे, की त्यांचा मुलगा, माझा भाचा, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असतो. आज सीमाभागात परदेशी मुलगा किंवा मुलगी नसलेले घर शोधावे लागेल. ‘मी इथे घर घेतोय’ असा त्यांचा फोन आला की आईवडिलांच्या पोटात एकदम दोन गोष्टी होतात. आनंद होतो, आणि आणखी काहीतरी होते, जे कोणी बोलून दाखवत नाही. अक्काकडे ते कसे घडले हे मी जवळून पाहिले.

आधी दाजींच्या घराचे सांगते. जुने घर गावठाणात होते. सागवानी खांबांचे, पाच खणांचे, वर माळवद, म्हणजे कन्नडात ज्याला आपण माळिगे म्हणतो ते. ते पडायला आले तेव्हा 2005 साली दाजींनी गावाबाहेर रस्त्यालगतच्या स्वतःच्या तुकड्यावर स्लॅबचे घर बांधले. गावातले म्हातारे नको म्हणत होते. जुन्या मराठीत गावाच्या जमिनीचे दोनच भाग, ‘काळी’ आणि ‘पांढरी’. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. गाव वसवताना लोक पांढरीवर चढून बसायचे आणि काळी पिकाला सोडायचे. पाटलांच्या कागदांतून हे शब्द महसुलाचे म्हणून राहिले, पण त्यांच्या मागे गवंड्याची अक्कल होती. रस्ता आला, दुकाने रस्त्यावर आली, तशी घरेही पांढरी सोडून काळीवर उतरली. दाजी काही एकटे नव्हते.

काळी म्हणजे कन्नडात एरे मण्णु, तेलुगूत नल्ल रेगडि. दख्खनच्या लाव्हाचा खडक कुजून झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आखडते. आदिलाबादचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. मे महिन्यात शेतातल्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो, आणि जुलैत त्याच शेतात पाय टाकला तर चप्पल परत मिळत नाही. आता अशा मातीवर घर बसले की काय होते? घराच्या पोटाखालची माती झाकलेली असते, तिची ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगून वर येते आणि उन्हाळ्यात खाली बसते. घर दरवर्षी थोडे कडेने उचलले जाते आणि थोडे सोडले जाते. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते, पावसाळ्यात दरवाजा अडतो, सुतार येऊन रंधा मारून जातो आणि उन्हाळ्यात त्याच दरवाजातून बोटभर उजेड दिसतो.

दाजींच्या घराला पहिली भेग 2006 च्या पावसाळ्यानंतर गेली. दाजी शिक्षक, हिशेबी माणूस. त्यांनी भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहिली. पुढच्या वर्षी भेग रेघेच्या पुढे गेली, नवी रेघ, नवी तारीख. भाच्याच्या लहानपणी त्या भिंतीजवळ उभा करून त्याची उंचीही तिथेच मोजायचे. त्यामुळे त्या भिंतीवर पोराच्या वाढीच्या आणि भेगेच्या वाढीच्या तारखा शेजारी शेजारी आहेत. घर रंगवताना अक्काने तो पट्टा दोन्ही वेळा तसाच ठेवून घेतला.

आणखी एक. गच्चीवर खांबांच्या सळ्या दोन-दोन हात वर काढून सोडल्या होत्या. वरचा मजला मुलासाठी. आपल्याकडे गावोगावी अशा सळ्या उभ्या दिसतात, त्यांचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही.

भाच्याने मेलबर्नला 2020 मध्ये घर शोधायला सुरुवात केली. तोवर भाड्याने चार घरे बदलून झाली होती. तो काळ कोरोनाचा. मेलबर्नमध्ये टाळेबंदी इतक्या वेळा लागली की ऑक्टोबर 2021 पर्यंत मिळून 262 दिवस भरले. घर बघायलाही कधी बंदी, कधी एकेकाला आत सोडणे, कधी लिलाव संगणकाच्या पडद्यावर. तिकडे घरे पुष्कळदा लिलावात विकली जातात, बहुधा शनिवारी. जाहिरातीत एक अंदाज दिलेला असतो आणि बोली भलतीकडेच जाते. लिलावात बोली लागली की सौदा पक्का. साध्या विक्रीत गिऱ्हाइकाला मन बदलायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात, लिलावात एक दिवससुद्धा नाही. ‘‘मावशी, बैलबाजार बरा,’’ तो मला म्हणाला, ‘‘तिथं निदान दात तरी बघू देतात.’’ तीन लिलाव हरला. दर सोमवारी अक्का मला फोन करून सांगायची, ‘‘या शनवारीबी झालं नाही गं.’’ तिच्या आवाजात मला दुःख कमीच ऐकू यायचे, हे इथे खरे लिहून टाकते.

चौथे घर जमल्यासारखे झाले होते. शहराच्या पश्चिमेला, पंधरा-वीस वर्षांचे, नुकताच रंग दिलेले. त्या भागात, टार्नीट, ट्रुगनिना, वेरिबीकडे, आपली माणसे पुष्कळ. आत शिरल्यावर भाच्याने पाहिले की एका खोलीचा दरवाजा वरून तासलेला आहे. मग तो खिडकीशी गेला आणि कोपऱ्यापासून तिरपे बोट फिरवले. नव्या रंगाखाली बोटाला रेघ लागली. दलाल म्हणाला, किरकोळ आहे. भाचा काही बोलला नाही, बाहेर आला आणि त्याने दाजींना फोन लावला.

त्या रात्री घरात काय झाले ते अक्काने नंतर सांगितले. भाचा म्हणाला, ‘‘बाबा, तयार घर नको. जागा घेऊन बांधतो. निदान खाली काय आहे ते माझ्या डोळ्यांनी बघेन.’’ अक्का उठून आत गेली. ‘बांधतो’ हा शब्द तिने पंधरा वर्षे गच्चीवरच्या सळ्यांसाठी राखून ठेवला होता. दाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारले, ‘‘जमीन काळी आहे का पांढरी?’’

भाच्याला माहीत नव्हते. त्याने माहिती काढली आणि मग आमच्या सगळ्यांचीच बोटे तोंडात गेली. मेलबर्नच्या पश्चिमेचे सगळे माळरान जुन्या ज्वालामुखींच्या लाव्हाचे आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा आणि तिकडचा त्या मानाने कालपरवाचा. पण खडक तोच, बेसाल्ट. तो कुजून झालेली मातीही त्याच स्वभावाची, ओल लागली की फुगणारी, उन्हाने भेगाळणारी. पोरगा दहा हजार किलोमीटरच्या आसपास लांब गेला आणि घर बांधायला निघाला तो काळीवरच!

फरक आहे तो वागण्याच्या पद्धतीत. तिकडे माती तपासल्याशिवाय पाया घालत नाहीत. तपासून जमिनीला वर्ग देतात. भाच्याच्या जागेचा अहवाल आला तो ‘एच-2’, म्हणजे पृष्ठभाग ओल-उन्हाने 60 ते 75 मिलिमीटरपर्यंत वर-खाली होऊ शकेल अशी जमीन. जवळजवळ तीन इंच! मग त्या आकड्यावरून पाया ठरतो. तिकडे बहुतेक घरांना जाळीदार स्लॅब घालतात. सपाट केलेल्या जमिनीवर थर्माकोलसारखे ठोकळे ओळीने मांडायचे आणि त्यांच्या फटींत सळ्या टाकून काँक्रीट ओतायचे. खालून पाहिले तर आपल्या आप्पेपात्राची आठवण व्हावी. घर जमिनीत रुतवायचे नाही, तराफ्यासारखे वर ठेवायचे. जमीन हलली तर सगळे घर एकसंध हलावे, एक कोपरा वेगळा हलू नये.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते असे मात्र नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने 1950 च्या दशकातच काळ्या मातीसाठी पायाचा एक प्रकार तयार केला. सुमारे साडेतीन मीटर खोल भोक पाडायचे, बुडाशी कांद्यासारखा फुगार करायचा आणि काँक्रीट भरायचे. त्या खोलीवर ओल फारशी बदलत नाही, त्यामुळे घराचे पाय स्थिर जमिनीत रोवले जातात. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या मुरमासारख्या मातीचा जाड थर दाबून बसवण्याची पद्धत अभ्यासली, आणि ती कर्नाटकात मलप्रभा कालव्याच्या कामात वापरली गेली. सौंदत्तीकडच्या वाचकांच्या शेताला त्याच कालव्याचे पाणी येत असेल. म्हणजे कालव्याला जे मिळाले ते आपल्या घरांना मिळाले नाही. दाजींच्या मेस्त्रीने 2005 मध्ये चार फूट खणले आणि ‘कट्टक लागलं’ म्हणून दगड भरले. त्याला तरी कोणी शिकवले होते?

जागा किती, यावरूनही मजा झाली. भाचा म्हणाला साडेतीनशे चौरस मीटर. दाजींनी त्याचे तेलंगणातल्या हिशेबाने चारशे एकोणीस गज केले आणि मी भालकीच्या सवयीने साडेतीन गुंठे. अक्का म्हणाली, ‘‘आपली वैरणीची जागा याहून मोठी आहे.’’

वास्तूचा प्रश्न तिनेच काढला. दार पूर्वेला आणि स्वयंपाकघर आग्नेयेला हवे. भाच्याने शांतपणे सांगितले, ‘‘आई, इथं सूर्य उत्तरेकडून जातो.’’ हे मलाही ठाऊक नव्हते. पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागात ऊन उत्तरेच्या बाजूने येते, म्हणून तिकडे बसायची खोली उत्तरेला काढतात, आणि दक्षिणेकडच्या खोल्या थंडीत गारठतात. आग्नेय कोपऱ्याला उन्हाचे सुख कमीच. अक्काने दोन दिवस विचार करून निकाल दिला: दार पूर्वेलाच राहील, स्वयंपाकघर ऊन येईल तिकडे कर, अग्नीला ऊब लागते. शास्त्री-पंडितांना हे पटेल की नाही मला माहीत नाही, मला पटले. पुढच्या बाजूला कुंपण घालायचे नाही, असा त्या वसाहतीचा नियम होता, तो मात्र तिला अजून पटलेला नाही.

बांधण्यात पैशाचा एक फायदा होता. मोकळी जागा घेऊन नंतर बांधले तर मुद्रांक शुल्क फक्त जागेच्या किमतीवर पडते. बिल्डरचे पैसेही टप्प्याटप्प्याने द्यायचे होते. त्याच्या करारात अनामत 5 टक्के, पाया झाल्यावर 10, सांगाडा उभा राहिल्यावर 15, दारे-खिडक्या लागून घर बंद झाले की 35, आतल्या कामाला 25 आणि किल्ली घेताना 10. दाजींना हे फार आवडले. आपल्याकडे मेस्त्री उचल घेऊन गावाला जातो तो पोळा झाला तरी येत नाही.

पण नियम असले म्हणजे सगळे सुरळीत होते असे नाही. कोरोनाच्या काळात सरकारने बांधकामाला अनुदान दिले, सगळेच बांधायला निघाले, लाकूड मिळेना, कारागीर मिळेनात, आणि ठरल्या किमतीत घरे बांधून देताना बिल्डर बुडू लागले. 31 मार्च 2023 रोजी पोर्टर डेव्हिस ही तिथली मोठी कंपनी कोसळली. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलंड मिळून सुमारे सतराशे घरे अर्धवट राहिली. करारासोबत काढायचा विमा काढलाच नव्हता, असे अनेकांना तेव्हा कळले, आणि त्यांची अनामत भरून देण्यासाठी सरकारला खास योजना काढावी लागली. भाच्याचा बिल्डर दुसरा होता. पण त्या दिवशी त्याच्या घराचा नुसता सांगाडा उभा होता, आणि घरभाडे व कर्जाचा हप्ता दोन्ही चालू होते. दाजींनी त्याला पहिला प्रश्न केला, विम्याचा कागद हातात आहे का? होता. अनामत देण्याआधी त्याने तो मागून घेतला होता, कारण कागद आधी आणि पैसे नंतर हे अक्काच्या घरात वाढलेल्या पोराला सांगावे लागत नाही.

ज्यांची मुले आत्ता घर शोधत असतील त्यांच्यासाठी दोन शब्द. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना जुने, तयार घर घ्यायला ऑस्ट्रेलियाने 1 एप्रिल 2025 पासून दोन वर्षांसाठी बंदी घातली. नवे घर किंवा बांधण्यासाठी जागा परवानगीने घेता येते, असे त्यात ठेवले. कॅनडानेही परदेशी लोकांच्या घरखरेदीवर 2023 पासून निर्बंध आणले, त्यात पुष्कळ सवलती आहेत, त्या मुलांनी वकिलाकडून समजून घ्याव्यात. आणि उलट बाजूनेही बघा. मुलाने परदेशाचे नागरिकत्व घेतले, किंवा नुसता अनिवासी भारतीय असला, तरी इथे शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही. घर, फ्लॅट घेता येतो. वडिलांची शेती वारशाने मिळते. आदिलाबादकडे तर अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत 1970 च्या कायद्याने आदिवासींखेरीज कोणाच्या नावावर जमीन होतच नाही, तेव्हा ‘तिकडे स्वस्त आहे’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये.

भाच्याच्या घरात दूध उतू गेले ते 2023 च्या दिवाळीआधी. अक्का आणि दाजी सहा महिने राहून आले. परत येताना दाजींनी एक पुस्तिका आणली, तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने घरमालकांसाठी काढलेली. फुगणाऱ्या मातीवरचे घर कसे सांभाळावे, एवढाच विषय. भिंतीलगत झाडांना पाणी घालू नका, मोठे झाड जवळ लावू नका, गळका नळ लगेच दुरुस्त करा, पन्हाळीचे पाणी पायाशी पडू देऊ नका. थोडक्यात, घराभोवतीची ओल बारा महिने एकसारखी ठेवा. दाजींनी अठरा वर्षे भिंतीकडे पाहिले होते. पाणी कुठे पडते ते पाहिले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात मी बाजारहत्नूरला गेले. घराभोवती चार फूट रुंद फरशी घालण्याचे काम चालू होते, बाहेर उतार देऊन. नळाची मोरी लांब नेली होती. भिंतीजवळचा शेवगा तोडायचा की नाही यावर वाद चालू होता. दाजी पुस्तिका दाखवत होते आणि अक्का शेंगा. आदिलाबादहून इंजिनिअर आणून दाखवले होते, तो म्हणाला, या पायावर वरचा मजला घालायचा विचार करू नका. सळ्या कापून टोके काँक्रीटने बंद करावीत, नाहीतर गंज खाली उतरेल.

‘‘कापायला कधी येतोय?’’ मी विचारले.

‘‘पावसाळ्याआधी म्हणालाय,’’ दाजी म्हणाले.

अक्का काही बोलली नाही. ती पापडांचे सूप घेऊन गच्चीवर निघाली होती, मीही मागे गेले. चारी कोपऱ्यांच्या सळ्यांना तिने सुतळी बांधून वर जुने लुगडे ताणले होते, कावळ्यांसाठी. खालच्या खोलीत दाजींचा फोन वाजला. भाचा होता. त्याच्या गॅरेजच्या भिंतीला खिडकीपासून केसाएवढी रेघ गेली होती, आणि तो विचारत होता, पेन्सिल कोणती वापरायची, जी पुसत नाही.